वजन वाढतंय, पण पिल्लू उभं का राहत नाही? दयाळाच्या पिल्लांच्या खाण्याबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. नाशिकमधल्या गंगापूर रोडवरच्या तुमच्या घराच्या दुरुस्तीत भिंतीतला जुना पाईप काढताना दयाळ पक्ष्याचं घरटं खाली आलं. तीनपैकी दोन पिल्लं जगली. आईबाप दोन दिवस घिरट्या घालून दिसेनासे झाले. आज 9 दिवस तुम्ही पिल्लं सांभाळताय. पहिले चार दिवस सातूचं पीठ दुधात कालवून आणि उकडलेल्या अंड्याचा बलक दिला. नंतर शोभेच्या माशांच्या दुकानातून मीलवर्म, म्हणजे एका भुंगेऱ्याच्या अळ्या, आणले, ते पोटभर देताय. वजन 12 ग्रॅमवरून 27 ग्रॅमवर गेलं. तरी मोठं पिल्लू उभं राहत नाही, त्याचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि पंखांवर आडव्या फिक्या रेघा दिसतात. तुम्ही विचारलंय, "मीलवर्म कमी पडतात का? अजून किती वाढवू?"

मीलवर्म कमी पडत नाहीत. दोघांची पोटं भरताहेत, म्हणूनच काट्यावर आकडा चढतोय. वजन वाढणं आणि अंग घडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिल्लू नुसत्या चरबीनं आणि पाण्यानंही जड होतं. त्यामुळे प्रश्न किती द्यायचं हा नसून त्या किड्यात काय नाही हा आहे.

कारणांकडे वळण्याआधी आज संध्याकाळपर्यंत करायच्या गोष्टी. पिल्लांना वर्तमानपत्रावर ठेवलंय ते बदला. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात आणि मऊ हाडं तशीच वाकडी घट्ट होतात. एका वाटीत सुती कापडाची चुंबळ ठेवा, वर टिश्यू पेपर अंथरा आणि पिल्लू असं बसवा की पाय पोटाखाली दुमडलेले राहतील. पाय ओढून सरळ करायचा प्रयत्न करू नका. उद्या सकाळी पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा आणि एक्स-रे काढायला सांगा, कारण हाड मोडलंय की नुसतं वाकलंय हे फोटोवरून मला ठरवता येणार नाही. आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करून नोंद करा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 प्रमाणे रानपक्षी घरी ठेवता येत नाही. तुम्ही जीव वाचवायला हे केलंय हे मला दिसतंय. पण पुढचे तीन-चार आठवडे या पिल्लांना मोठा पिंजरा आणि अनुभवी हात लागणार आहेत, ते तिथूनच मिळतील.

आता मूळ मुद्दा. अंड्यातून उघडं, आंधळं निघणारं पिल्लू ज्या वेगानं वाढतं तो वेग आपल्याला घरच्या कुठल्याच प्राण्यात दिसत नाही. चिमणीचं पिल्लू जन्मतः 2 ग्रॅमच्या आसपास असतं आणि दोन आठवड्यांत 20 ग्रॅमच्या पुढे जाऊन घरटं सोडतं. दयाळाचं पिल्लूही साधारण तेवढ्याच दिवसांत बाहेर पडतं. तेवढ्यात सगळा सांगाडा उभा राहायचा असतो, तोही पायांपासून. पाय जवळजवळ पूर्ण लांबीचे होतात तेव्हा पंख अजून खुंटांसारखे असतात. म्हणजे तुमच्याकडे गेलेले हे 9 दिवस नेमके हाडं भरायचे होते.

हाडाला कॅल्शियम लागतं आणि किड्याला हाड नसतं. त्याचं कवच कायटिन नावाच्या द्रव्याचं, त्यात कॅल्शियम नावापुरतं, उलट फॉस्फरस भरपूर. 100 ग्रॅम मीलवर्ममध्ये साधारण 285 मिलिग्रॅम फॉस्फरस आणि जेमतेम 17 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. रातकिड्यांत कॅल्शियमला फॉस्फरस हे प्रमाण एकास सातच्या आसपास, म्हणजे बरं, पण तेही पुरेसं नाही. वाढत्या पिल्लाला उलटं हवं असतं, फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम. ते खाण्यातून आलं नाही तर रक्तातली पातळी टिकवण्यासाठी शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. हृदय चालू राहावं म्हणून पाय विकला जातो. म्हणून अशी पिल्लं खातात, ओरडतात, तरतरीत दिसतात आणि मग एक दिवस उभी राहत नाहीत.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. पडलेली पिल्लं वाढवायचं हे काम सुरू करून तिसरा उन्हाळा होता. माझ्याकडे नाचण पक्ष्याची चार पिल्लं आली होती. मीलवर्म नुकतेच सहज मिळायला लागले होते आणि मला वाटलं, किडे खाणाऱ्याला किडे दिले, आता काळजी नाही. बाराव्या दिवशी एक पिल्लू हातावरून वाटीच्या काठावर उतरलं आणि त्याचा पाय ओल्या काडीसारखा वाकला. आवाजसुद्धा झाला नाही. त्या चौघांपैकी एकच उडालं. त्यानंतर आलेल्या प्रत्येक पिल्लाचा खुराक मी हिशोब मांडून देते. तोच हिशोब तुम्हाला सांगते.

100 ग्रॅम मीलवर्मला दोनास एक हे प्रमाण गाठायचं तर 570 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, म्हणजे वरून सुमारे 550 घालावं लागेल. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये 40 टक्के कॅल्शियम असतं, म्हणून 1.4 ग्रॅम पूड लागते. तुमची दोन्ही पिल्लं मिळून दिवसाला 25 ग्रॅम किडे खात असतील तर त्याला 350 मिलिग्रॅम पुरे झालं. म्हणजे दोघांत मिळून दिवसभराची मोठी चिमूट. ती एका घासात देऊ नका, किडे पुडीत घोळवून सगळ्या दिवसावर वाटा. औषधाच्या दुकानात साधी कॅल्शियम कार्बोनेटची पूड मिळते. ती नसेल तर अंड्याची टरफलं 10 मिनिटं उकळा, आतला पापुद्रा काढा, वाळवा, मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ करा. टरफल जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटच असतं.

इथे दोन चुका वारंवार होतात. पानाचा चुना वापरू नका, तो दाहक असतो, पिल्लाचा घसा आणि अन्ननलिका भाजते. आणि जनावरांच्या दुकानातली डायकॅल्शियम फॉस्फेटची पुडी आणू नका. नावात कॅल्शियम असलं तरी तिच्यात फॉस्फरसही आहे, बिघडलेलं प्रमाण तिनं सुधारत नाही.

पूड बाहेरून लावण्यापेक्षाही मला किड्यांना आधी जेवू घालणं जास्त भरवशाचं वाटतं. किडा म्हणजे पुरणपोळी समजा, सत्त्व पुरणात आहे. दुकानातला मीलवर्म कोंड्यात पडून उपाशी आलेला असतो, त्याचं पोट रिकामं. तो आणल्यावर एक-दोन दिवस कोंबडीच्या पिल्लांच्या स्टार्टर खाद्यात ठेवा, वर गाजराचा तुकडा आणि शेवग्याचा किंवा मेथीचा पाला. आपल्या जिल्ह्यात पोल्ट्री गावोगाव आहे, स्टार्टर किलोभर सहज मिळतं. मग तो किडा खाऊ घाला. बाहेरची पूड आणि आतलं पुरण, दोन्ही करा.

कॅल्शियम आतड्यातून रक्तात जायला डी-3 जीवनसत्त्व लागतं. आपल्या गोळ्यांत कधी कधी डी-2 असतं, ते पक्ष्यांना फारसं उपयोगी पडत नाही. सकाळी आठच्या आत 10-15 मिनिटं कोवळं ऊन द्या, खिडकीच्या काचेतून नको. काचेतून ऊब येते, पण डी-3 बनवणारे किरण काच अडवते. अर्ध्या वाटीवर सावली असू द्या, चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागलं तर लगेच आत घ्या. एप्रिल-मे मधलं नाशिकचं ऊन नऊनंतर पिल्लाला सोसत नाही. डी-3 चे थेंब मात्र वैद्यानं सांगितल्याशिवाय देऊ नका, ते जास्त झालं तर विषारी आहे.

आता सातू आणि दूध. ते तुम्ही आधीच थांबवलंय, तरी कारण सांगते, कारण दर उन्हाळ्यात येणाऱ्या दहा फोनांपैकी निम्म्यांत हेच असतं: दूधपोळी, दूधभात, सातू. पक्ष्याला दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात, आणि 12 ग्रॅमच्या जिवाला एका दिवसाचे जुलाब पुरे पडतात. पीठ आणि भात म्हणजे पिष्ट. शिजलेल्या भातात प्रथिनं 3 टक्क्यांहून कमी, आणि किड्यात 20 टक्क्यांच्या आसपास. चिमणीसारखा दाणे टिपणारा पक्षीसुद्धा पिल्लांना पहिले दिवस अळ्या आणि किडेच भरवतो. फुलातला मध पिणारा शिंजीर घरट्यात कोळी आणि बारीक किडे नेतो. जिथे दाणेवाले आणि मधवाले पिल्लांसाठी शिकारी होतात तिथे दयाळाचं पिल्लू सातूवर कसं वाढणार? अंड्याचा बलक एक-दोन वेळा अडीनडीला चालतो. पण त्यातही फॉस्फरस कॅल्शियमच्या तिप्पट आहे आणि तो पिसांना चिकटून वाळला की पिसं तुटतात.

पंखावरच्या रेघा त्या सातूच्या दिवसांची खूण आहे. पीस उगवताना ज्या दिवशी प्रथिनं कमी पडतात त्या दिवशी तयार झालेला भाग विरळ विणला जातो. पैठणी विणताना मधेच चार धागे सुटावेत, तसं. नंतर खाणं सुधारलं तरी ती रेघ जात नाही, कारण पीस पूर्ण झालं की ते निर्जीव असतं. तुमच्या फोटोत रेघा टोकाकडे आहेत, मुळाकडचा भाग गडद आणि सलग आहे. म्हणजे किडे सुरू केल्यापासून पिसं नीट येताहेत. ही चांगली बातमी आहे. रेघा टोकाशी असल्या तर पीस तुटलं तरी थोडंच तुटतं. त्या मध्यावर किंवा मुळाशी असत्या तर मी सोडण्याबाबत फार सावध राहिले असते, कारण उडायची मोठी पिसं लगेच बदलत नाहीत, बरेच महिने त्याच पिसांवर काढावे लागतात.

किडे कुठले, याबद्दल माझं एक ठाम मत आहे: एकाच किड्यावर पिल्लू वाढवू नये, तो किडा कितीही चांगला असला तरी. बागेत दयाळाच्या घरट्यासमोर तासभर बसा. चोचीत एकदा हिरवी अळी, एकदा नाकतोडा, एकदा कोळी, कधी गांडूळ, कधी पाल. आईबाप जे आलटून पालटून आणतात त्याला अर्थ आहे. ब्रिटनमध्ये ब्लू टिट या छोट्या पक्ष्यावर काम झालं तेव्हा दिसलं की पिल्लं अगदी लहान असताना आईबाप मुद्दाम कोळी जास्त आणतात. कोळ्यांत टॉरिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. पिल्लांना टॉरिन जास्त दिलं तेव्हा पुढे त्यांच्या धाडसात आणि जागा लक्षात ठेवण्यात फरक पडला. पक्षी आपले नव्हेत, पण आपला शिंपी पक्षी आणि शिंजीरही घरट्यात कोळी नेताना मी कितीदा पाहिलेत.

कॅल्शियमचीही रानात अशीच तजवीज असते. नेदरलँड्समधल्या काही जंगलांत आम्लपावसानं माती बिघडली, गोगलगायी कमी झाल्या आणि ग्रेट टिट पक्ष्यांची अंडी पातळ कवचाची निघू लागली. 1990 च्या दशकात तिथे संशोधकांनी गोगलगायींचे शंख आणि कोंबडीच्या अंड्यांची टरफलं ठेवून पाहिली, तर अंडी सुधारली. एवढासा शंखाचा तुकडा, पण त्यावर पुढची पिढी उभी. आपल्याकडे ओल्या विटांखाली, कुंडीच्या बुडाशी हात लावताच गोळी होणारे राखाडी किडे असतात, त्यांच्या कवचात कॅल्शियम असतं. दिवसाला दोन-चार ते द्या.

तिसरं उदाहरण मला नाशिककर म्हणून फार जवळचं वाटतं. अमेरिकेत पाण्याजवळ राहणाऱ्या ट्री स्वॉलो या भिंगरीच्या पिल्लांवर प्रयोग झाला, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्यातून जन्मणाऱ्या किड्यांत लांब साखळीची ओमेगा-3 मेदाम्लं असतात, जमिनीवरच्या किड्यांत ती फार कमी. ही मेदाम्लं मिळालेली पिल्लं लवकर वाढली आणि जास्त सशक्त निघाली. कमी खाणं पण ओमेगा-3 भरपूर, अशी पिल्लंसुद्धा भरपूर पण निकस खाणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. गंगापूर धरणाच्या काठावर संध्याकाळी चिलटांचे खांब उभे राहतात आणि तारवाल्या भिंगऱ्या त्यातून कातरत जातात, ते पाहताना मला आता नुसतं सुंदर दृश्य दिसत नाही, पिल्लांचं दूध दिसतं. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी-कादवेच्या संगमावर पाण्यालगत किडे खाणाऱ्या पक्ष्यांची जी गर्दी असते तिचं हेही एक कारण आहे. दयाळ काही पाण्यावरचा पक्षी नाही, तेव्हा तुम्ही धावत धरणावर जाऊ नका. पण ट्यूबलाइटखाली जमणारे बारीक किडे मिळाले तर जरूर द्या. वळवाच्या पावसानंतर पंखवाली वाळवी निघते, तिचे पंख काढून द्या. ती चरबीनं भरलेली असते, दिवसाला मूठभर नको.

बाहेरून किडे आणताना मात्र आपल्या जिल्ह्यात डोळे उघडे ठेवावे लागतात. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागांत खरड छाटणीनंतर एप्रिल-मे मध्येही फवारण्या चालू असतात. शेतकऱ्याला पीक वाचवायचंय, त्याचा दोष नाही. पण तिथले नाकतोडे पिल्लाला देऊ नका. एकदा एका ओळखीच्यांनी मोठ्या प्रेमानं डबाभर नाकतोडे आणले होते. सगळे सुस्त होते, हातानं उचलता येत होते. मी ते टाकून दिले. धडधाकट नाकतोडा माणसाच्या हाती इतक्या सहज लागत नाही. तो लागला तर आधी संशय घ्या. नासर्डी नदीच्या काठचे, उकिरड्यावरच्या कुजक्या मांसातले किडेही नकोत. केसाळ सुरवंट, लाल मुंग्या, भडक रंगाचे ढेकणासारखे किडे नकोत. ओला कचरा जिरवणाऱ्या प्रकल्पांत ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या असतात. त्यांच्यात मुळातच कॅल्शियम भरपूर असतं, मी त्या आनंदानं वापरते, पण कातडी चिवट म्हणून कापून.

तर तुमच्या पिल्लांचा खुराक आता असा ठेवा. निम्मे रातकिडे, मागचे काटेरी पाय काढून. पाव हिस्सा मीलवर्म, शक्यतो नुकते कात टाकलेले पांढरे, बाकीच्यांचं डोकं चिरडून. उरलेल्या पावात जे काही बागेत मिळेल ते: हिरव्या अळ्या, कोळी, विटांखालचे किडे. एका वेळी वजनाच्या 5 टक्के, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास, सकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर अर्ध्या-पाऊण तासानं. रात्री झोपू द्या. ड्रॉपरनं पाणी पाजू नका. पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते, थेंब तिथे गेला की संपलं. पाणी किड्यातूनच मिळतं, फार तर किडा पाण्यात बुडवून द्या. पिल्लू गार लागलं तर आधी ऊब, मग खाणं.

विष्ठेवर लक्ष ठेवा. पांढऱ्या पापुद्र्यात गुंडाळलेली, चिमट्यानं उचलता येईल अशी पिशवी पडली तर पचन ठीक आहे. सराफाकडे असतो तसा 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या आणि रोज सकाळी पहिल्या घासाआधी वजन लिहा. एक सांगून ठेवते, घरटं सोडायच्या सुमारास वजन थांबतं किंवा थोडं उतरतं. पिसांतलं पाणी आटतं, पंख चालू होतात. तेव्हा घाबरून खाणं वाढवू नका.

हे सगळं दयाळासाठी आहे. पक्षी बदलला की उत्तर बदलतं. बुलबुलाला किड्यांबरोबर फळही लागतं, साळुंकी बरंच काही पचवते, तांबटाला फळाशिवाय चालत नाही. आणि पाकोळी सगळ्यात नाजूक. स्पेनमधल्या कॅटालोनियात एका वन्यजीव केंद्रानं हातानं वाढवलेल्या पाकोळ्यांचे वेगवेगळे आहार ताडून पाहिले, 2013 मध्ये ते छापून आलं. मांसाच्या खिम्यावर आणि मांजराच्या खाद्यावर वाढवलेली पिल्लं मागे पडली, रातकिड्यांवरची रानातल्या पिल्लांसारखी वाढली. म्हणून कुणी सांगितलं की मांजराचं खाद्य भिजवून द्या, सगळ्यांना चालतं, तर ऐकू नका. साळुंकीला चार दिवस चाललं म्हणून दयाळाला किंवा पाकोळीला चालेल असं नाही.

मोठ्या पिल्लाचे पाय सुधारतील का, हे एक्स-रेवर अवलंबून आहे. हाड मोडलं नसेल आणि नुसतं मऊ असेल तर या वयात शरीर फार लवकर भरून काढतं. चार-पाच दिवसांत पकड परत आलेली मी पाहिली आहे. मोडून वाकडं जुळलं असेल तर आशा कमी, आणि ते वैद्यानं स्पष्ट सांगितलं तर ऐकायची तयारी ठेवा. धाकटं पिल्लू फोटोत वाटीची कड पकडून बसलंय, त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. कॅल्शियम त्यालाही आजपासूनच सुरू करा, त्याचे पाय अजून फाकले नाहीत एवढाच दोघांत फरक आहे.

उद्या एक्स-रे झाला की त्याचा फोटो इथे टाका. आणि परवा सकाळी पिल्लाच्या पायाखाली तुमची करंगळी धरून बघा. बोटं मिटून पकड घेतली का, किती जोरात, तेवढं लिहा, म्हणजे पुढचं सांगते.